सियेम, दोलोई आणि आमची पाटीलकी : मेघालयातले सहा दिवस

बाबांना धबधबे बघायचे नव्हते, त्यांना राजा बघायचा होता. मेघालयात अजून राजे आहेत आणि मतांवर निवडून आलेली माणसं त्या राजांना पदावरून काढूही शकतात, असं मी एकदा जेवताना बोलून गेले होते. तेव्हापासून ते विचारत होते, "कधी जायचं?"

बाबा पंचाहत्तरीचे. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचे मुलकी पाटील होते. 1962 च्या कायद्याने महाराष्ट्रातली वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी संपली, तेव्हा बाबा चौदा वर्षांचे होते. आजोबांनी दफ्तराचं गाठोडं तलाठ्याच्या हवाली केलं, तो दिवस त्यांना लख्ख आठवतो. होळीच्या पहिल्या पोळीचा मान मात्र आजही आमच्या घराकडे आहे. त्यामुळे हा प्रवास त्यांच्यासाठी माझ्यापेक्षा वेगळा होता. परत येऊन आता तीन आठवडे झालेत, आठवणी ताज्या आहेत तोवर लिहून काढते.

पहिला दिवस : गुवाहाटी ते शिलाँग

गुवाहाटीहून शिलाँग साधारण शंभर किलोमीटर. रस्ता उत्तम आहे. वाटेत उमियमचा तलाव लागतो, तिथे चहा घ्यायचाच. नोव्हेंबर होता, रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग लागलेले.

आम्ही एका खासी कुटुंबाच्या घरात दोन खोल्या घेतल्या होत्या. घरमालकीण पन्नाशीच्या. तिथे बाईला आदराने 'काँग' म्हणतात आणि पुरुषाला 'बाह', म्हणून आम्हीही त्यांना काँगच म्हणू लागलो. दारातच त्यांनी ताटलीत ख्वाय पुढे केली : कच्ची सुपारी, पान आणि चुना. बाबांचा चेहरा खुलला. त्यांनी खिशातून स्वतःची चंची काढली आणि आपली भाजकी सुपारी काँगना दिली. दोघांची भाषा वेगळी, पण पुढचा अर्धा तास सुपारीवरच गेला. (एक सूचना : ती कच्ची सुपारी अंगात भलती ऊब आणते, कानशिलं गरम होतात. पहिल्यांदा अगदी छोटा तुकडा खा.)

संध्याकाळी काँग म्हणाल्या, "पाहुणे आलेत म्हणून रंगबाह श्नोंगला कळवून आले." श्नोंग म्हणजे गाव किंवा वस्ती, रंगबाह म्हणजे तिथला मुखिया. शिलाँगसारख्या शहरातही प्रत्येक वस्तीला असा मुखिया आहे, आणि वस्तीची सभा म्हणजे दरबार श्नोंग. देशभर पंचायत राज आणणारा संविधानाचा भाग मेघालयाला लागू नाही. त्यामुळे इथे सरपंच नाही, ग्रामपंचायत नाही, आहे तो दरबार. रहिवासाचा दाखला हवा, जमिनीचा वाद आहे, नळाला पाणी नाही, की माणूस रंगबाहकडे जातो.

"ते पद वारशानं येतं का?" मी विचारलं.

"नाही, दरबारात निवडतात. मग वरून सनद येते."

सनद हा शब्द बाबांनी बरोबर पकडला. "सनद म्हणाल्या ना त्या? आपल्या घरातही होती."

दुसरा दिवस : इयूदुहचा बाजार

सकाळी नाश्त्याला पुतारो, म्हणजे तांदळाच्या पिठाचं जाडसर धिरडं, आणि लाल चहा. मग इयूदुह. पर्यटक याला बडा बाजार म्हणून ओळखतात. उतारावर गल्ल्यांमागून गल्ल्या. सुकी मासळी, मध, हळकुंडं, टोपल्या, डुकराचं मांस, पानांचे गठ्ठे. बहुतेक दुकानांवर बायका बसलेल्या, आणि हिशोब तोंडपाठ. दुपारी मी एका टपरीवर जादोह खाल्ला, मांसाच्या रसात शिजवलेला भात, आणि सोबत काळ्या तिळातलं डुकराचं मांस. त्या काळ्या तिळाची चव आपल्या कारळाच्या चटणीजवळ जाते. बाबा माळकरी. त्यांना भात, डाळ आणि उकडलेली भाजी सहज मिळाली, पण ताटात तुंगताप येत नाही ना ते विचारून घ्यावं लागतं. ती दिसते चटणीसारखी, असते सुक्या मासळीची.

हा बाजार हिमा मिल्लिएमचा आहे. हिमा म्हणजे राज्य आणि सियेम म्हणजे त्याचा प्रमुख. इंग्रज गेले तेव्हा खासी डोंगरात अशी 25 छोटी राज्यं होती. बहुतेकांवर सियेम, काहींवर लिंगदोह म्हणजे पुरोहित-प्रमुख, काहींवर सरदार, आणि शेल्ला भागात तर लोकांनी निवडलेले वहादादार. एक गोष्ट बाबांना फार नवलाची वाटली. सियेम जमिनीचा मालक नाही. जमीन कुळांची आणि समाजाची, त्यामुळे शेतसारा नाही. सियेमचं जुनं उत्पन्न म्हणजे बाजारावरचा कर आणि दंड. म्हणून या बाजाराला एवढं महत्त्व.

"इनाम नाही, वतन नाही, मग कशाचा पाटील?" बाबा म्हणाले. मला वाटतं, फरक नेमका इथेच आहे. आमची पाटीलकी जमिनीला बांधलेली होती आणि तिच्या खाली राबणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली होती. महार वतनं 1958 च्या कायद्याने गेली. त्याआधी आमच्या वाड्यावर कोण फुकट लाकडं फोडत होतं, हे बाबांनी पाहिलंय आणि ते लपवत नाहीत. वंशपरंपरा म्हटलं की मला आधी ते आठवतं. खासी सियेमकडे त्याच चष्म्यातून बघणं अन्यायाचं होईल, हे मला या बाजारात उभं राहून कळलं.

याच मिल्लिएमच्या सियेमवरून एक मोठा खटला झाला होता. संविधानाच्या सहाव्या अनुसूचीने इथे स्वायत्त जिल्हा परिषदा आणल्या. आपल्या झेडपीशी त्यांची गल्लत करू नका, यांना कायदे करण्याचे अधिकार आहेत. प्रमुखांची नेमणूक आणि वारसा कसा ठरावा, हा विषयही त्यांच्याच हाती आहे. 1952 मध्ये परिषद आली. 1959 मध्ये तिच्या कार्यकारी समितीने मिल्लिएमचे सियेम जोरमानिक यांच्यावर आरोप ठेवून त्यांना निलंबित केलं. उच्च न्यायालयात सियेम जिंकले, पण 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला : नेमण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याला काढण्याचाही आहे.

पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना त्यांच्या प्रजेतले वडीलधारे निवडत आले, त्यांची सनद त्या दिवसापासून मतपेटीतून आलेल्या परिषदेच्या हाती गेली. बाजारातल्या एका वयस्क दुकानदाराला मी याबद्दल विचारलं. तो बराच वेळ सुपारी कातरत राहिला. मग हिंदीत म्हणाला, "सियेमला आम्ही ओळखतो. परिषदेतला मेंबर पाच वर्षांनी बदलतो, पण मत मागायला तोच येतो, सियेम येत नाही." त्याचा कौल कुणाच्या बाजूने होता, ते मला ठरवता आलं नाही. त्यालाही ठरवायचं नसावं.

तिसरा दिवस : स्मित, नोंगक्रेमचा नाच

या दिवसासाठीच आम्ही नोव्हेंबर निवडला होता. हिमा ख्यिरिमचं केंद्र असलेलं स्मित गाव शिलाँगपासून गाडीने पाऊण तासावर. उत्सवाची तारीख दर वर्षी बदलते, त्यामुळे ती कळल्याशिवाय तिकिटं काढू नका. पाच दिवसांच्या उत्सवातले शेवटचे दिवस बाहेरच्यांनी बघण्यासारखे. सकाळी लवकर पोचा. ऊन चढतं, पण साडेचारला सूर्य मावळला की बोटं गारठतात.

मैदानाच्या कडेला सियेमचं घर, 'इंग साद'. लाकूड आणि गवती छपराचं, लोखंडी खिळा न वापरता बांधलेलं. राजवाडा म्हणून आलेल्याचा विरस होईल इतकं साधं. बाबा मात्र तिथेच खिळले. छपराची बांधणी, दोऱ्यांच्या गाठी, गवताची जाडी बघत राहिले.

मग तांगमुरी वाजू लागली. आपल्या सनईची ती धाकटी बहीण, आवाज जरा टोकदार. मैदानात मधोमध अविवाहित मुली : डोक्यावर चांदी-सोन्याचे मुकुट, अंगभर रेशीम, गळ्यात पोवळ्यांच्या जाड माळा, नजर खाली. त्या नाचतात म्हणजे पावलं इंचाइंचाने सरकवतात. भोवताली हातात तलवार आणि चवरी घेतलेले पुरुष फेर धरतात, त्यांचं काम राखणीचं. अर्ध्या तासाने त्या सरकणाऱ्या पावलांची लय आपल्या अंगात उतरते.

सियेम बसले होते, आणि त्यांच्याबरोबर सियेम साद. इथे कुळ आईकडून चालतं. सियेम साद ही सियेमच्या कुळातली वडीलधारी स्त्री, उत्सवातले धार्मिक विधी तिच्या देखरेखीखाली होतात. पुढचा सियेम सियेमचा मुलगा नसतो, तो असतो बहिणीच्या पोटचा.

"म्हणजे पोराला काहीच नाही? सगळं भाच्याला?" बाबा.

आमच्या शेजारी बसलेले एक आजोबा हसले. ते हिमाच्या जुन्या कुळांपैकी एकातले होते. ते म्हणाले की भाच्यालाही आपोआप मिळत नाही. लायक कोण, ते मिंत्री (सियेमचे सल्लागार) आणि मानाच्या कुळांचे प्रमुख ठरवतात, आणि पूर्वी नालायक सियेमला दरबार घालवतही असे. घराणं ठरलेलं, माणूस निवडलेला.

मला इतके दिवस वाटत होतं की एका बाजूला जन्म आहे आणि दुसऱ्या बाजूला मत. त्या आजोबांशेजारी बसल्यावर ती विभागणी टिकेना. निवड दोन्हीकडे आहे. भांडण आहे ते निवडणारे कोण यावर : काही कुळांचे वडीलधारे, की मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण? मी तसं त्यांना विचारलं. ते म्हणाले, "यादीतल्या माणसाला हिमाचा देव माहीत असतो का?" त्यांना हे मनापासून वाटत होतं. सियेमपद म्हणजे कारभार, आणि कारभार म्हणजे पूजाही, ही त्यांची समजूत. फक्त कारभारच बघणाऱ्या परिषदेने त्या पदावर शिक्का मारावा, हे त्यांना टोचतं.

त्यांनी बाबांना विचारलं, "तुमच्याकडे?" बाबांनी दफ्तराची गोष्ट सांगितली, मी हिंदीत भाषांतर केलं. "मान राहिला, दफ्तर गेलं," बाबा म्हणाले. आजोबांनी मान हलवली आणि ख्वाय पुढे केली.

बोकड आणि कोंबड्यांचा बळी हा या उत्सवाचा भाग आहे. तो बघायचा नसेल तर फक्त नाचाच्या वेळी जावं. आणि विधी चालू असताना विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नये.

चौथा दिवस : मॉफ्लांग आणि मैरांग

मॉफ्लांगची देवराई शिलाँगपासून 25 किलोमीटर. आपल्या देवराईसारखाच इथेही एकच नियम : आतलं काहीही बाहेर न्यायचं नाही, पानसुद्धा नाही. स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो आणि घ्यावाच. उन्हातून आत पाऊल टाकलं की एकदम गारवा, खोडांवर शेवाळ आणि ऑर्किडं, आणि झाडांत उभे पुरातन दगड. इथे सियेम नाही, लिंगदोह आहे. या परिसरातल्या दहा हिमांनी एकत्र येऊन जंगल राखण्याचं काम चालवलंय. जुन्या संस्था निव्वळ मानापुरत्या उरल्यात म्हणणाऱ्यांनी हे जंगल एकदा चालून यावं.

तिथून पश्चिमेला मैरांग. तिरोत सिंग यांचं स्मारक तिथे आहे. ते नोंगख्लॉचे सियेम. डेव्हिड स्कॉट या इंग्रज अधिकाऱ्याला आसामातून सिल्हेटकडे रस्ता हवा होता. तिरोत सिंग यांनी स्वतःच्या मर्जीने होकार दिला नाही, दरबार बोलावला, चर्चा झाली आणि मग परवानगी दिली. इंग्रजांचा खरा हेतू दिसल्यावर 4 एप्रिल 1829 रोजी नोंगख्लॉवर हल्ला झाला आणि चार वर्षं डोंगरात लढाई चालली. 1833 मध्ये ते हाती लागले, 1835 मध्ये ढाक्याला कैदेत वारले.

बाबांनी स्मारकापाशी चप्पल काढली. परतताना गाडीत बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "सभेला विचारून होय म्हणाला हे महत्त्वाचं. आपल्याकडं पाटील सभेला विचारायचा नाही, सांगायचा."

मधल्या वेळात सोहरा, म्हणजे चेरापुंजीही केलं. धबधबे सुंदर आहेत, त्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

पाचवा दिवस : रविवार

रविवारी शिलाँग बंद असतं. खाणं-पिणं आणि पैसे आदल्या दिवशी बघून ठेवा. सकाळभर चर्चमधली गाणी घरात ऐकू येत होती. काँग प्रार्थनेहून आल्या, आम्ही स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसलो. त्यांनी गूळ आणि तांदळाच्या पिठाचं पुखलेइन तळलं होतं. बाबांना त्यात अनारसे दिसले.

त्या दिवशी मी तो प्रश्न विचारला. कुळ आईचं, धाकट्या मुलीला घर, बाजार बायकांच्या हातात, मग दरबारात बायका का नाहीत? परंपरेने दरबार हा प्रौढ पुरुषांचा. कोंबडी आरवली तर जग बुडेल, अशी इथे जुनी म्हण आहे.

काँग तडकून बोलल्या नाहीत, पण आवाज घट्ट झाला. जिल्हा परिषदेला आणि विधानसभेला त्या मत देतात. ज्या वस्तीत त्यांचा जन्म गेला, तिथला मुखिया मात्र पुरुष निवडत आले. अलीकडे काही वस्त्यांनी बायकांना दरबारात बसू द्यायला सुरुवात केली आहे. त्यांच्या वस्तीतही येत्या सभेला बोलावणार, असं चाललंय.

मग मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही परिषदेच्या बाजूने?"

"असं नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी डिसेंबर 2014 ची गोष्ट सांगितली. कायद्याचा आधार नसताना मुखियांनी ना-हरकत दाखले देऊ नयेत, असं मेघालयच्या उच्च न्यायालयाने म्हटलं. लोकांची कामं अडली. मुखिये शिलाँगमध्ये मोठ्या संख्येने जमले. काँगही तेव्हा चिडल्या होत्या, दरबाराच्या बाजूने. "रात्री अडीचला नवरा आजारी पडला तेव्हा गाडी रंगबाहनं आणली. परिषदेचं ऑफिस तेव्हा बंद होतं. मला दरबार मोडायचा नाही. मला आत बसायचंय."

मी या विषयावर जे काही वाचून गेले होते, त्यात इतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. हे प्रश्न कायम सियेम विरुद्ध परिषद असे मांडले जातात, दोन्हीकडे पुरुष बोलतात, आणि पदाची मालकी कोणाची यावर वाद चालतो. या बाईची मागणी साधी आहे आणि ती दोघांनीही पुरी केलेली नाही. मला तिचा राग आपला वाटला.

सहावा दिवस : जोवाई आणि नार्तियांग

शिलाँगहून जोवाई साधारण 65 किलोमीटर. हा जैंतिया भाग, इथले लोक प्नार. इथलं राज्य 1835 मध्येच इंग्रजांनी खालसा केलं. उरले दोलोई, एलाक्याचे प्रमुख. दोलोई ठराविक कुळांतला असावा लागतो, पण निवडून यावा लागतो. कुळ आणि मतपेटी दोन्ही एकाच पदात.

जोवाईत मिंतदू नदीकाठी किआंग नांगबाह यांचं स्मारक आहे. त्यांच्याकडे कुठलीच गादी नव्हती. करांविरुद्ध लोक उठले, दरबार भरला, आणि दरबाराने या तरुणाला पुढारी नेमलं. 30 डिसेंबर 1862 रोजी इंग्रजांनी त्यांना जोवाईत जाहीर फाशी दिली. चौथ्या दिवशीच्या तिरोत सिंगांशेजारी त्यांना ठेवून बघा. एक गादीवरचा, एक गादीशिवाय, आणि दोघांच्या मागे दरबार उभा.

दोलोईच्या पदावरून इथे जो वाद झाला तो सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जोवाईच्या दोलोईची निवडणूक ख्रिस्ती माणसाला लढवता येईल का, हा प्रश्न. दोलोई कारभार बघतो, तसेच जुन्या धर्माचे विधीही करतो. ज्यांनी धर्म बदलला ते ते विधी करणार नाहीत, मग त्यांनी दोलोई व्हावं का? 2006 मध्ये न्यायालयाने रूढी मान्य केली : पदाला धार्मिक कर्तव्यं आहेत, त्यामुळे ख्रिस्ती उमेदवाराला वगळणं हा भेदभाव ठरत नाही. मला तो निकाल समजतो आणि तरी खुपतो. दोलोईच्या निर्णयांखाली ख्रिस्ती घरंही राहतात. पूजा एकाकडे आणि कारभार दुसऱ्याकडे, असा तोडगा मी चहाच्या टपरीवर एका शिक्षकांना सुचवला. ते म्हणाले, "मग तो दोलोई राहत नाही, नुसता क्लार्क होतो." स्मितच्या आजोबांचं म्हणणं वेगळ्या शब्दांत पुन्हा समोर आलं होतं.

तिथून नार्तियांग. शेकडो उभे दगड, सर्वांत उंच आठेक मीटरचा. जवळच जैंतिया राजांच्या काळचं दुर्गेचं देऊळ. इथल्या पुजारी घराण्याचं आडनाव देशमुख! पूर्वज महाराष्ट्रातून आले असं सांगितलं जातं. बाबांनी उत्साहाने "कुठलं गाव?" विचारलं. गाव कुणालाच माहीत नव्हतं. राजा गेला, इंग्रज गेले, परिषद आली, आणि पूजा मात्र त्याच घरात राहिली. बाबांनी हात जोडले आणि बराच वेळ त्या देवळाच्या ओट्यावर बसून राहिले.

जोवाई भागातून लाकाडोंगची हळद जरूर घ्या, बाजारात सुट्टी मिळते. रंग असा की चिमूटभरात वरण पिवळंजर्द होतं.

परवा काँगचा फोन आला होता. त्यांच्या वस्तीचा दरबार झाला, बायकांना बोलावलं होतं. त्या मागच्या बाकावर बसल्या. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी उभं राहून वरच्या गल्लीतल्या पाण्याबद्दल विचारलं. क्षणभर सगळे मागे वळून बघत राहिले, मग रंगबाहने "बघू" म्हटलं.

मी बाबांना सांगितलं. त्यांनी हातातली चंची बाजूला ठेवली.

"वहीत लिहून घेतलं का?" त्यांनी विचारलं.

मी काँगना तसा मेसेज केलाय. उत्तर अजून आलेलं नाही.